चपट्या नाकाचे कौतुक



आपल्या वाड्यांमध्ये पूर्वी जवळपास प्रत्येक अंगणात एक गावठी कुत्रा असायचा. रात्री राखण करायची, उरलेला भात आणि माशांची डोकी खायची आणि दुपारी झाडाखाली ताणून द्यायची, हा त्याचा दिनक्रम. त्याला कोणी पैसे मोजून आणलेले नसायचे. आता अंगणे आखडली, फ्लॅट आले आणि त्यांच्याबरोबर पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशी छोट्या चणीची, चपट्या तोंडाची कुत्री आली. पगची ओळख तर २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीने घराघरांत करून दिली. एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा तो सुरकुतलेल्या कपाळाचा कुत्रा सर्वांना आवडला आणि पगच्या पिल्लांची मागणी एकदम वाढली.

या कुत्र्यांवर त्यांचे धनी जीव लावतात, यात शंका नाही. कित्येक घरांत तर पोटच्या पोराइतके कोडकौतुक होते. म्हणूनच आजचा प्रश्न जरा अवघड आहे. जे दु:ख कोणाच्या दुष्टपणातून नव्हे, तर कौतुकातून जन्माला येते, त्याचा जाब कोणी द्यायचा?

आधी वस्तुस्थिती पाहू. पगचे तोंड चपटे दिसते, कारण पिढ्यान् पिढ्या आखूड तोंडाची नर-मादी निवडून त्याच्या कवटीचा पुढचा भाग लहान करण्यात आला. हाड आखूड झाले, पण आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. टाळूचा मागचा मऊ भाग लांबच राहिला, तो घशात लोंबतो आणि श्वासाची वाट अडवतो. नाकपुड्या इतक्या अरुंद की काही कुत्र्यांमध्ये केवळ एक चीर दिसते. डोळ्यांच्या खोबणी उथळ, म्हणून डोळे पुढे आलेले. त्यांना ओरखडे आणि जखमा सहज होतात आणि मार लागला तर बुबुळ खोबणीबाहेर येण्याचीही भीती असते. चेहऱ्याच्या घड्यांमध्ये ओल साचून कातडी कुजते. पिळदार शेपटी आपल्याला गंमतीची वाटते, पण शेपटीला पीळ देणारा मणक्यांचा दोष काही वेळा पाठीच्या कण्यातही उतरतो आणि मागचे पाय लुळे पडतात.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, नाकातोंडातील ओलाव्याची वाफ होते आणि तेवढाच त्याला थंडावा मिळतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याने धापा टाकायच्या तरी कशा? त्यात आपली किनारपट्टीची हवा दमट, दमट हवेत वाफ लवकर होत नाही. मे महिन्यातील दुपारी आपण पंख्याखाली बसून ‘काय हा उकाडा’ म्हणतो, तेव्हा त्या मुक्या जिवाचे काय होत असेल याची कल्पना करावी. उष्माघाताने अशी कुत्री दगावतात.

आणि हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की ज्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास स्पष्ट होता, त्यांच्याही निम्म्याहून अधिक मालकांनी ‘आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही’ असेच सांगितले होते. घोरणे, घरघरणे हे या जातीचेच लक्षण, असे त्यांनी धरून टाकले होते. आपल्याकडेही ‘बघा, कसा आजोबांसारखा घोरतो’ म्हणून आपण हसतोच की!

हे पूर्वीपासून असेच होते असे नाही. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वत:चे चित्र आपल्या पगसह रंगवले. त्या पगचे तोंड आजच्या पगपेक्षा चांगलेच लांब आहे. बदल घडला तो प्रदर्शनांच्या नादाने. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे श्वानांचे प्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली आणि प्रत्येक जातीने कसे दिसावे याचे नियम कागदावर उतरले. नियमात ‘आखूड’ असे लिहिले की बक्षीस सर्वांत आखूड तोंडाला मिळणार, पुढच्या वर्षी त्याहून आखूड. विजेत्या नराकडे सगळे आपापल्या माद्या नेणार, म्हणजे रक्तही जवळजवळचे. बुलडॉगचे डोके आणि खांदे असे रुंद करण्यात आले, की माद्यांची बाळंतपणे अडू लागली. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेती सिझेरियनने झाल्याचे दिसले. जी जात माणसाच्या सुरीवाचून जन्मालाही येऊ शकत नाही, तिला आपण देखणी म्हणतो!

आता गंमत पाहा. या साखळीत क्रूर माणूस कोण? परीक्षक नियमाप्रमाणे बक्षीस देतो. ब्रीडर मागणी असेल ते पिल्लू काढतो. दुकानदार मागितले ते विकतो. आणि आपण? आपल्याला ते पिल्लू गोड वाटले, एवढाच आपला ‘गुन्हा’. मोठे डोळे, गोल कपाळ, बसके नाक. तान्ह्या बाळाचा चेहरा असाच असतो आणि आपले मन तिकडे आपोआप ओढले जाते. प्रत्येकाचा वाटा एवढासा, पण सगळ्यांचे वाटे मिळून एका प्राण्याचा श्वास कोंडतो. कबुलीला बसताना मारलेला दगड आपल्याला आठवतो, पण हौसेने दिलेले पैसे कुठे आठवतात?

यावर एक युक्तिवाद केला जातो आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. ‘या जाती नसत्या, तर हा आमचा लाडका पग जन्मालाच आला नसता. त्रास असला तरी त्याला घर आहे, प्रेम आहे. मग त्याचे नुकसान ते काय झाले?’ आम्ही यावर बराच विचार केला. जन्माला आलेल्या कुत्र्याचे आयुष्य मोलाचे आहे, हे अगदी मान्य. पण जन्माला न आलेला पग कुठे रांगेत उभा राहून वाट पाहत नाही, त्याचे काही हिरावून घेतले असे होत नाही. उद्या जे पिल्लू काढायचे ते मोकळा श्वास घेणारे काढायचे की गुदमरणारे, हा निर्णय माणसाच्या हाती आहे. निर्णय ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याची. ‘त्याला जन्म तरी दिला ना’ हे उत्तर आपण आपल्या लेकरांच्या बाबतीत चालवून घेणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. ‘आपण मासे खातो, सणाला डुक्कर कापतो. मग कुत्र्याच्या नाकाचे एवढे काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिकवणीत अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा दिली आहे. पण विनाकारण प्राण्यांना यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तेथेच, परिच्छेद २४१८ मध्ये, सांगितले आहे. म्हणजे कस लागतो तो गरजेचा. मासळीने पोट भरते. चपट्या नाकाने काय भरते? फक्त पाहणाऱ्याचे डोळे. (झटपट वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीला स्वत:चे वजन पायांवर पेलत नाही, हा प्रश्नही या निमित्ताने आपल्या रविवारच्या जेवणात येऊन बसतो. त्यावर पुन्हा केव्हातरी.) त्याच परिच्छेदात आणखी एक बजावणी आहे. जो पैसा आधी माणसांचे दु:ख निवारण्यासाठी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळू नये. शेजारच्या घरात औषधाला पैसे नसताना आपण पिल्लासाठी हजारो रुपये मोजतो, तेव्हा ही ओळ टोचायला हवी.

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो, त्यांना नावे द्यायला. नाव देणे म्हणजे ओळख ठेवणे, आकार बदलून टाकणे नव्हे. माणसाला दिलेली सत्ता ही मनमानीची सत्ता नाही, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्पष्टच लिहिले होते. आपल्या परंपरेत कुत्रा तसा परका नाही. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबीयाबरोबर त्याचा कुत्रा प्रवासाला निघतो. संत रोक यांच्या मूर्तीपाशी तोंडात भाकर धरलेला कुत्रा आपण पाहतो, प्लेगने आजारी पडलेल्या संताला तो भाकर आणून देई. आजच्या पगला तोंडात भाकर धरून चार पावले चालायला सांगा. नाकाने श्वास घेता येत नाही आणि तोंड तर भरलेले!

उपाय नाही असे नाही. डाल्मेशियन, म्हणजे काळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या कुत्र्यांना, जन्मजात दोषामुळे मूतखड्याचा त्रास होतो. १९७३ साली अमेरिकेतील एका आनुवंशिकीतज्ज्ञाने एका डाल्मेशियनचा संकर पॉइंटर जातीशी केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. त्या वंशातून दोषमुक्त कुत्री मिळाली, ठिपकेही राहिले. पण ‘रक्त शुद्ध नाही’ म्हणून त्यांना अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळायला २०११ साल उजाडले. शुद्ध रक्ताचे हे वेड माणसाने कुत्र्यांवर लादण्याआधी स्वत:वर लादून पाहिले आहे, त्याची फळे आपण जाणतोच.

२००८ साली बीबीसीने या विषयावर माहितीपट दाखवला, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठी खळबळ उडाली आणि जातींचे काही नियम सुधारावे लागले. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची पैदास प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. त्या कुत्र्यांची कवटी मेंदूला अपुरी पडते. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी न केलेला ब्रीडर भेटला, तर तेथून पिल्लू घेऊ नये, हे उघड आहे. पण नोंदणी असली म्हणून पिल्लाला श्वास नीट घेता येतो, असे मात्र समजू नये.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्याची नीट काळजी घ्यावी. त्याला जाड होऊ देऊ नये, चरबीने श्वास आणखी अडतो. गळ्यात पट्टा न बांधता छातीवरून बांधायचा पट्टा वापरावा. उन्हाळ्यात पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतरच फिरायला न्यावे. घड्या पुसून कोरड्या ठेवाव्यात. घरघर वाढली तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे, नाकपुड्या आणि टाळूची शस्त्रक्रिया करता येते. आणि कोणी ‘आमच्या मादीसाठी तुमचा नर द्या’ म्हणून विचारायला आले, तर त्यांना चहा पाजावा आणि नाही म्हणावे.

ज्यांना नवीन कुत्रा आणायचा आहे, त्यांनी आधी रस्त्यावरच्या गावठी पिल्लांकडे एकदा पाहावे. तरीही एखाद्या जातीचेच हवे असेल, तर पिल्लाच्या आईला पाहायला मागावे, तिला अंगणात दोन फेऱ्या चालू द्यावे आणि जवळ बसून तिचा श्वास ऐकावा.