निरुपद्रवी गाठ आणि सोबतीण

‘निरुपद्रवी’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकताच घरातील मंडळींचा जीव भांड्यात पडतो, आणि ते स्वाभाविकच आहे. स्तनात हातास लागलेली गाठ कर्करोगाची नव्हे, ह्याहून शुभ वार्ता कोणती? परंतु ज्या स्त्रीस अशा गाठी पुनःपुन्हा येतात, तिचे दुःख ह्या एका शब्दाने संपते काय? आणि संपत नसेल, तर ते बोलून दाखविण्याचा तिला अधिकार आहे की नाही?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ऐन तारुण्यात आढळणारी, बोटाखाली गोटीसारखी सरकणारी गाठ बहुधा फायब्रोअडेनोमा ह्या जातीची असते. चाळिशीच्या सुमारास पाणी साठलेल्या गाठी अधिक आढळतात. स्त्रीदेहातील अंतःस्रावांशी त्यांचा संबंध असल्याने एक गेली तरी दुसरी उद्भवू शकते. तथापि नवी गाठ जुनीचीच बहीण आहे असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी हाताने तपासावे, सोनोग्राफी करावी, जरूर पडल्यास सुईने नमुना घ्यावा, हा क्रम टळत नाही. नांदुऱ्यासारख्या गावातून ह्यासाठी खामगाव किंवा अकोला गाठावे लागण्याचा प्रसंग येतो; आणि नमुना दिल्यापासून अहवाल हाती येईपर्यंतचे दिवस, गाठ निरुपद्रवी ठरली तरी, निरुपद्रवी खचित नसतात.

“जिला खरोखर कर्करोग झाला आहे तिच्यापुढे माझे गाऱ्हाणे ते काय?” असे म्हणून अशी स्त्री गप्प बसते. ह्या विनयात आम्हांस तर्कदोष दिसतो. शेजारच्या घरी दुष्काळ असला म्हणून आपल्या घरची भूक खोटी ठरत नाही.

ह्या मौनास लज्जेचीही जोड आहे. हळदीकुंकवास गुडघेदुखीची चर्चा मोकळेपणी होते. ह्या अवयवाचे नाव मात्र निघत नाही. मुलगी उपवर असली की आई गाठीची गोष्ट मावशीसही सांगत नाही. (जावयाच्या प्रकृतीची चौकशी कितीजण करतात, हे विचारण्यासारखे आहे.) हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात, हे आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली सेरामपूरच्या भाषणात सांगितले. तशा डॉक्टर आज आहेत. पण त्यांच्या खोलीबाहेर पडल्यावर पुन्हा तेच मौन.

मग ज्या स्त्रीने हे भोगले आहे तिने ते उघड करावे काय? सर्वांसमक्ष सांगण्याचे बंधन तिच्यावर घालणे आम्हांस मान्य नाही. देह तिचा आहे, गुपितही तिचेच. मात्र तोच घोर लागलेली दुसरी समोर आली असता “मलाही दोनदा आली होती” एवढे शब्द गिळून टाकणे, ही आमच्या मते कृपणता होय. नवरा आणि सासूबाई प्रेमळ असतील, पण “काही होत नाही” ह्यापलीकडे त्यांस बहुधा सुचत नाही, अनुभवी स्त्री “अहवाल कोणत्या दिवशी?” असे विचारते आणि तो दिवस ध्यानात ठेवते.

ह्या सोबतीत एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. “माझी साधी निघाली, तुझीही तशीच असेल” हा दिलासा गोड असला तरी तो देण्याचा अधिकार कोणत्याही मैत्रिणीस नाही. तिने अकोल्याच्या गाडीत शेजारी बसावे, डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न कागदावर उतरून द्यावेत, आणि तपासणी पुढे ढकलण्याची गोष्ट निघाल्यास सरळ भांडावे.