आणि तू?

गेल्या मंगळवारी स्पॅनिशच्या वर्गात गृहपाठ मिळाला. उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत काय काय करता, ते आठ वाक्यांत लिहून आणायचं. बासष्टाव्या वर्षी मला कोणी गृहपाठ दिला याचाच आनंद मोठा होता. वही घेऊन मी घरी आले ती पाठ ताठ करूनच.

नातवासाठी मी माद्रिदला आले. तो सहा वर्षांचा आहे, लेक आणि जावई दोघंही सकाळी लवकर बाहेर पडतात. आमचं घर लाबापिएस नावाच्या जुन्या वस्तीत, उताराच्या अरुंद गल्लीत आहे. खाली बांगलादेशी किराणा दुकानं आहेत, तिथे कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या मिळतात. लाबार म्हणजे धुणं आणि पिएस म्हणजे पाय, म्हणून वस्तीचं नाव ऐकलं की मला पाय धुणंच आठवतं. ते खरंच कशावरून पडलं, कोण जाणे. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस उंबऱ्याशी पाय धुतो. मला हे नाव पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं. स्पॅनिशमध्ये हे नाव लिहिताना मध्ये ‘व्ही’ हे अक्षर येतं, पण इथे त्याचा उच्चार ‘ब’ करतात. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या ढाक्याच्या मुलाला त्यामुळे फार बरं वाटलं. बंगालीतही ‘व’चा ‘ब’च होतो.

वर्ग आठवड्यातून दोनदा असतो. मोरोक्कोच्या दोन बाया आहेत, सेनेगलचा एक उंच तरुण आहे, ढाक्याचा हा मुलगा आणि मी. या महिन्यात आम्ही सकाळची क्रियापदं शिकतो आहोत. स्पॅनिश माणसाची सकाळ आत्मवाचक क्रियापदांनी भरलेली असते. उठणं, तोंड धुणं, केस विंचरणं, कपडे घालणं ही सगळी कामं तो ‘स्वतःला’ करतो. शब्दकोशात उठणं पाहिलं तर लेबान्तार्से असं मिळतं. लेबान्तार म्हणजे उचलणं, उठवणं आणि शेवटचं ‘से’ म्हणजे स्वतःला. हे ‘से’ शब्दकोशात शेपटीला चिकटलेलं असतं. वाक्यात आलं की ते सुटून क्रियापदाच्या पुढे येऊन बसतं आणि कर्ता बदलला की तेही बदलतं. मे लेबान्तो, मी उठते. ते लेबान्तास, तू उठतोस. से लेबान्ता, तो किंवा ती उठते. नोस लेबान्तामोस, आम्ही उठतो. ओस लेबान्ताइस, तुम्ही सगळे उठता. से लेबान्तान, ते उठतात. आदराच्या ‘उस्तेद’लाही ‘से’च लागतं, म्हणजे मान द्यायचा तर समोरच्याला तृतीय पुरुषात न्यायचं. ‘महाराजांनी यावं’ म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

चूक सगळ्यांची एकच होते. शब्दकोशातलं ‘से’ डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही पाचही जणांनी ‘से लेबान्तो’ म्हटलं. क्रियापद माझं आणि सर्वनाम परक्याचं. बाईंनी फळ्यावर दोन्ही टोकांखाली रेघ ओढली. पुढचं ‘मे’ आणि मागचं ‘ओ’ दोन्ही एकाच माणसाचे हवेत. सर्वनाम चुकून ‘ते’ झालं तर ‘ते लेबान्तो’ होतं आणि त्याचा अर्थ मी तुला उठवते. एवढ्याशा अक्षराने उठणारी व्यक्तीच बदलते.

जागं होण्याचं क्रियापद आणखी हट्टी आहे. देस्पेर्तार्से. मी म्हणायचं तर मे देस्पिएर्तो, मधल्या ‘ए’चा ‘इए’ होतो. आम्ही म्हणायचं तर नोस देस्पेर्तामोस, तिथे ‘ए’ जसाच्या तसा. मी बाईंना कारण विचारलं. त्यांनी टेबलावर बोटाने ताल धरून दाखवला. ‘देस्पिएर्तो’त आघात त्या स्वरावर पडतो म्हणून तो फुटतो, ‘देस्पेर्तामोस’मध्ये आघात पुढे सरकतो आणि स्वर वाचतो. मला चटकन आपला ‘मूल’ आठवला. मूल म्हणताना ऊ दीर्घ, आणि ‘मुलाला’ म्हटलं की वजन पुढे जातं आणि तो ऱ्हस्व होतो. पीठ, पिठात. फूल, फुलाचा. कोणी शिकवलं नसताना आपली तीन वर्षांची मुलंसुद्धा हे बरोबर बोलतात. माझा नातूही बरोबर बोलतो, दोन्ही भाषांमध्ये. मी सकाळी ‘ऊठ बाळा’ म्हणते आणि पांघरुणातून उत्तर येतं, ‘या मे लेबान्तो’, म्हणजे उठतोय गं. मे आणि ओ दोन्ही जागच्या जागी!

परक्या माणसाची ही धडपड कोणाच्या तरी ध्यानात फार पूर्वी आली होती. १४९२ मध्ये सालामांका इथे आन्तोनियो दे नेब्रिहा या पंडिताचं कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं गेलं. त्याचे पाच भाग आहेत आणि शेवटचा, पाचवा भाग त्याने परभाषकांसाठी लिहिला, ज्यांना ही भाषा बाहेरून येऊन शिकायची आहे त्यांच्यासाठी. क्रियापदं चालवून दाखवलेली त्यात आहेत. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने आमच्या या पाच जणांच्या बाकाची सोय करून ठेवली, असं मला वाटतं आणि त्याच्याबद्दल माया वाटते.

तर तो गृहपाठ. मी रात्री जेवणं आटोपल्यावर लिहायला बसले. आठ वाक्यं भराभर सुचली. देस्पिएर्तो आ मी निएतो, नातवाला जागं करते. लो लाबो, त्याला धुऊन काढते. लो बिस्तो, त्याला कपडे घालते. लो पेइनो, त्याचा भांग पाडते. नाश्ता देते, डबा भरते, लेकीला हाक मारते, नातवाला शाळेत सोडते. एकही चूक नव्हती. गुरुवारी वही परत मिळाली तेव्हा लाल शाईची एकही दुरुस्ती नव्हती. सगळ्यात खाली, समासात, दोन शब्द लिहिले होते. ‘इ तू?’

आणि तू?

मी ते घरी येईपर्यंत चार वेळा वाचलं. आठही वाक्यांत एकदासुद्धा ‘मे’ आला नव्हता.

डोंबिवलीला आमच्या घरी चाळीस वर्षं मी पहाटे पाचला उठले. ह्यांची सव्वासातची लोकल, मुलांची सकाळची शाळा, पाण्याची वेळ. सगळ्यांना उठवायचं काम माझं. मला कोणी उठवलं, मी कशी उठले, याची नोंद कुठेच नाही, माझ्यापाशीसुद्धा नाही. सासूबाई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला होत्या. त्यांना अंघोळ घालून झाली की मी त्यांचे केस विंचरायचे. मूठभर पांढरे केस उरले होते. खोबरेल बोटाला लावून आधी गुंता सोडवायचा, मग लाकडी फणी अगदी हलकी फिरवायची, नाहीतर त्यांना दुखायचं. आंबाडा इवलासा व्हायचा, त्याला एकच आकडा पुरायचा. तेवढ्या वेळात त्या डोळे मिटून घ्यायच्या. माझे स्वतःचे केस त्या काळात मी कधी विंचरायचे ते मला आठवत नाही. विंचरत असणार. मराठीत ‘केस विंचरते’ म्हटलं की कोणाचे ते सांगायची गरज पडत नाही. स्पॅनिशमध्ये सांगावंच लागतं. मे पेइनो म्हणजे माझे, ला पेइनो म्हणजे तिचे. मधली वाट नाही.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. मराठीत उठणे हा मूळ धातू आणि दुसऱ्यासाठी केलं की तो लांबतो, उठवणे. निजणे, निजवणे. नेसणे, नेसवणे. शिकणे, शिकवणे. स्वतःचं काम आखूड, दुसऱ्याचं लांब. स्पॅनिशमध्ये नेमकं उलट. लेबान्तार म्हणजे दुसऱ्याला उठवणं, ते मूळ. स्वतः उठायचं तर शब्दाला जोड लागते, लेबान्तार्से. आकोस्तार निजवणं, आकोस्तार्से निजणं. बेस्तीर कपडे घालून देणं, बेस्तीर्से स्वतः घालणं. सगळीच क्रियापदं अशी चालत नाहीत, पण घरातली, रोजची, अंगाशी असलेली बरीचशी अशीच चालतात. म्हणजे या भाषेत दुसऱ्यासाठी करणं आधीपासून धरलेलंच आहे, स्वतःला मात्र आठवणीने वाक्यात घ्यावं लागतं. मला हा हिशोब पटला. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांची सकाळ अशीच चालते आणि त्यांच्या मातृभाषेने ते कधी दाखवलेलं नाही.

शाळेत संस्कृत होतं तेव्हा परस्मैपद आणि आत्मनेपद आम्ही नुसतं पाठ केलं होतं. एक दुसऱ्यासाठी, एक स्वतःसाठी, असं त्या नावांतच सांगितलेलं आहे. पचति म्हणजे दुसऱ्यासाठी रांधतो, पचते म्हणजे स्वतःसाठी रांधतो. पुढे वापरात हा भेद सैल झाला, पण व्याकरणकारांनी तो नोंदवून ठेवला. क्रियेचं फळ कोणाच्या पानात पडतं हे क्रियापदाने सांगावं, ही हौस आपल्याकडेही होती. मी जन्मभर पचति चालवलं आणि त्याचं मला दुःख नाही. सासूबाईंचे मिटलेले डोळे मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण बाईंच्या दोन शब्दांनी मला जे विचारलं, ते चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

काही क्रियापदं ‘से’ शिवाय उभीच राहत नाहीत. केहार्से, तक्रार करणं. आत्रेबेर्से, धजणं. आर्रेपेन्तीर्से, पस्तावणं. यांची नुसती, बिनजोडाची रूपं नाहीत. दुसऱ्याच्या वतीने धजता येत नाही आणि दुसऱ्याला पस्तावून देता येत नाही. ही तीन क्रियापदं मी सलग लिहिली आणि बराच वेळ तशीच पाहत बसले. झोपेचीही अशीच एक जोडी आहे. दोर्मीर म्हणजे झोपणं आणि दोर्मीर्से म्हणजे झोप लागणं. वयाच्या साठीनंतर हा फरक शिकवावा लागत नाही.

आणि एक गोष्ट फार आवडली. परवा माझ्या हातून कप पडला. नातू धावत आला आणि म्हणाला, ‘से ते आ काईदो, आजी.’ याचा अर्थ तू पाडलास असा होत नाही. कप आपला आपण पडला आणि पडताना तू तिथे होतीस, तुला तो पडला. आपण म्हणतो ना, हातून सुटला, तसंच. पाडणे आणि पडणे यांतलं अंतर दोन्ही भाषांनी जपलं आहे. पोराच्या तोंडून ते ऐकताना फरशीवरचे तुकडे वेचायला मला काही वाटलं नाही.

शुक्रवारी मी गृहपाठ पुन्हा लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं. आठ वाक्यं, आठही ‘मे’ने सुरू होणारी. मे देस्पिएर्तो आ लास सेइस, सहाला जागी होते. मे लेबान्तो. मे लाबो ला कारा, तोंड धुते. मे पेइनो. इथे ‘माझं तोंड’, ‘माझे केस’ असं म्हणत नाहीत. आपणही म्हणत नाही, तोंड धुतलं म्हटलं की ते आपलंच. पुढे मे बिस्तो वगैरे झालं आणि आठव्या वाक्याला मी अडले, कारण सहा ते सव्वासहा मी काय करते ते मला लिहायचं होतं आणि तेव्हा मी काहीच करत नाही. शेवटी लिहिलं, ‘मे सिएन्तो हुन्तो आ ला बेन्ताना.’ खिडकीशी बसते. नंतर शब्दकोश उघडला तेव्हा कळलं की सेन्तार्से म्हणजे बसणं आणि सेन्तीर्से म्हणजे जाणवणं, पण ‘मी’चं रूप दोन्हीकडे सारखंच होतं, मे सिएन्तो. मी बसते आणि मला माझं जाणवतं, दोन्हींना एकच शब्द. वाक्य तसंच ठेवलं.

काल वही परत मिळाली. त्या वाक्यापुढे बाईंनी फक्त बरोबरची खूण केली होती.

आज सकाळीही सहाला खिडकीशी बसले. बाहेर काळोख होता. जानेवारीत इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो.