हाय-फायचा छंद कुणाला जडतो?

आवाजाच्या यंत्रणेवर लाखभर रुपये घालणारा माणूस आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर तेच गाणे मजेत ऐकणारा माणूस एकाच घरात, एकाच सोफ्यावर सापडतात. या फरकाचे सर्वांत लाडके स्पष्टीकरण असे, की पहिल्याचा कान तयार आहे आणि दुसऱ्याचा नाही. शौकिनांना ते अर्थातच पटते. पण माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात असे आपण शाळेत शिकतो, त्यातले वरचे टोक वयाबरोबर झिजत जाते आणि पन्नाशीपर्यंत त्यातला बराच भाग गेलेला असतो. महागडी यंत्रणा घेण्याची ऐपत बहुधा त्याच सुमारास येते. ज्याच्या कानात ते ध्वनी अजून पोचतात, तो कॉलेजातला मुलगा बसमध्ये स्वस्त इअरफोन लावून खूश असतो.

याहून ठोस पुरावा शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकाच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मिळतो. चार स्पीकर, कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, एका बाजूला मुद्दाम तालीम दिलेले १२ श्रोते आणि दुसऱ्या बाजूला २५६ इतर: ध्वनियंत्रांचे विक्रेते, विपणनातली माणसे, ध्वनियंत्रांचे समीक्षक आणि कॉलेजचे विद्यार्थी. कोणता स्पीकर चांगला, याबाबत सर्व गटांची पसंती साधारण सारखीच निघाली. फरक पडला तो खात्रीत आणि सातत्यात, आणि त्यात तालीम घेतलेले श्रोते सगळ्यांच्या खूप पुढे होते. समीक्षकांच्याही. ज्यांच्या शौकाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, असे लोकही अचूकपणात मागे पडले. चांगला आवाज कुणालाही चांगलाच वाटतो, आणि ध्यास असला म्हणून कान तीक्ष्ण होतोच असे नाही, असे दोन निष्कर्ष यातून निघतात. मग ध्यास येतो कुठून?

त्याआधी उलट प्रश्न विचारायला हवा: बाकीच्यांचे इतक्या थोड्यात कसे भागते? जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाई. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर बहुधा त्याच्या बराच खाली असतो, म्हणजे तो पलीकडे पोचतच नसे. तरी माणूस ओळखू येई आणि आवाज पुरुषीच वाटे, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू गाळलेला मूळ स्वर उभा करतो. एडिसनच्या कंपनीने १९१५पासून अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ, मध्येच दिवे मालवायचे आणि कोण गाते आहे ते प्रेक्षकांनी ओळखायचे. ओळखता येत नाही, असे लोक सांगत. गायिकाही यंत्राच्या बेताने आवाज आवरून घेत असतील, हे खरे. तरीही विजेचा ॲम्प्लिफायर नसलेल्या त्या यंत्रात लोकांना अख्खी गायिका ऐकू आली. उणीव भरून काढून गाण्यापर्यंत पोचणे हेच श्रवणाचे नेहमीचे काम आहे. मोबाइलवर समाधानी असलेला माणूस ते काम उत्तम करतो. त्याच्यात काही कमी आहे, असे मला वाटत नाही.

ध्यास लागतो तो गाण्याकडे जाता जाता लक्ष आवाजावरच रेंगाळायला शिकलेल्या माणसाला. हे बहुधा आपोआप घडत नाही. त्यासाठी आधी काहीतरी फार जवळून ऐकलेले असावे लागते. मिरजेच्या कारागिराने जवारी काढलेला तानपुरा घ्या. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर तार घासत कंप पावते, खाली सरकवलेला दोरा ती जागा नेमकी करतो आणि स्वरांशांचा झोत उठतो. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, पण एकही तार गंधारात लावलेली नसते. तो खर्जाचा पाचवा स्वरांश असतो. हा गंधार ज्याने तानपुऱ्याशेजारी बसून ऐकला, त्याला सुमार स्पीकरमधून निघणारी गुणगुण खटकते. ज्याने ऐकलाच नाही, त्याच्या लेखी काही हरवलेले नसते. मात्र एवढ्यानेही भागत नाही. तानपुऱ्याखालीच आयुष्य काढलेले कितीतरी गायक ध्वनिमुद्रण कशावरही ऐकतात, कारण त्यांचे लक्ष जागेवर, बंदिशीवर, श्वासावर असते आणि तानपुरा ते मनातून भरून घेतात. उणीव जाणवल्यावर ती यंत्रात शोधत बसण्याची वृत्ती वेगळी. ती बहुधा संगतीने लागते: स्पीकरच्या वायरी बदलून दाखवणारा मित्र, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुडकणारा मामा, आणि शेजारी बसून ‘आता ऐक’ म्हणणारे कुणीतरी.

यावर आक्षेप असा, की ही सारी श्रीमंतांची हौस आणि मनाचे खेळ आहेत. पैशाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. पैशाने खरेदी समजते, पण सुटे भाग जोडून घरीच ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांचा ध्यास समजत नाही. मनाच्या खेळांचा मुद्दा अधिक वजनदार आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले यांतला फरक ५५४ पैकी २७६ वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणे उडवूनही तेवढेच साधले असते. जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा १८ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला तेव्हा फरक किंचित, पण खरा दिसला. तालीम घेतलेल्या श्रोत्यांत तो स्पष्टपणे वाढला. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींच्या बाजाराला यातून फारसा आधार मिळत नाही. लक्षाला वळण लावता येते, या म्हणण्याला मिळतो. एकदा वळण लागले की माणूस नसलेला फरकही ऐकू लागतो, हा त्याच सवयीचा तोटा. स्पीकर आणि खोली यांनी पडणारा फरक मात्र कुणालाही ऐकू येण्याइतका मोठा असतो.

म्हणून छंद जडलाच असेल, तर नवी वायर घेण्याआधी दोन कामे करावीत. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहावेत. आणि दोन यंत्रांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा आणि कोणते वाजते आहे ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्यावे. किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि दुकानदाराला ते पक्के ठाऊक असते.