वांगं अडवलं, सरकी खाल्ली

जालन्याजवळच्या दावलवाडीत ‘महिको’ या बियाणे कंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी घडवलेलं बीटी वांगं बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून पिकवतात आणि तिथले लोक ते खातात. जालन्याच्या मंडईत ते मिळत नाही. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने या वांग्याला परवानगी दिली आणि चार महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २०१० रोजी, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याच्या लागवडीला बेमुदत स्थगिती दिली. निर्णयाआधी त्यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात नागपूर होतं. ज्या जिल्ह्यात वांगं घडलं, त्या जिल्ह्याला कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून वाद एकाच प्रश्नावर अडकला आहे: जनुक बदललेलं अन्न खाल्लं तर आपल्याला काही होईल का? एका बाजूला ‘विषारी वांगं’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला शंका घेणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवणारे. मला दोन्ही बाजू सोयीच्या वाटतात, कारण दोघांनीही सुरक्षिततेचा प्रश्न ताटापुरता ठेवला आहे. ताटाचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. घोडं पेंड खातं ते मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा बियाणं बाजारात जातं आणि पुढे त्याच्याकडे बघणारं कोणी उरत नाही.

आधी ताटाचं बोलू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. सेंद्रिय शेती करणारेही तो फवारतात. त्याच्या क्राय-१-एसी या प्रथिनाचं जनुक वांग्यात घातलं की शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ते झाड खाऊन मरते. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करतं, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात ते ग्राही नसतात. २०१२ मध्ये फ्रान्सच्या सेरालिनी यांनी गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा जगभर भीतीची लाट आली. उंदरांची संख्या आणि जात हा निष्कर्ष पेलण्याजोगी नव्हती, असं ठरवून नियतकालिकाने पुढच्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घेतला. २०१४ मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापून आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की, बाजारात असलेली अशी पिकं खाण्यामुळे जास्त धोका असल्याचा पुरावा सापडत नाही. हे मान्य करायला आपल्याकडच्या चळवळींनी उगाच वेळ घालवला.

मात्र हा निर्वाळा त्या त्या पिकापुरता असतो. प्रत्येक जनुकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अमेरिकेत ‘स्टारलिंक’ नावाच्या मक्याला फक्त पशुखाद्यासाठी परवानगी होती, कारण त्यातल्या प्रथिनाने माणसाला ॲलर्जी होईल का, याची खात्री पटली नव्हती. २००० साली तो मका माणसांच्या खाण्याच्या पदार्थांत सापडला आणि माल परत बोलवावा लागला. परवानगी कागदावर एका वापरासाठी असते. धान्य वाटेल तिथे जातं.

आपल्याकडे हेच झालं, आणि फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही. २६ मार्च २००२ रोजी देशात पहिल्यांदा बीटी कापसाला मंजुरी मिळाली. मंजूर झालेली तिन्ही वाणं महिकोची होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात उभी केलेली ही कंपनी. संकरित बियाण्यांच्या कामासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या मोन्सॅन्टोबरोबर भागीदारी करून जनुक भारतात आणलं तेही याच कंपनीने. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. फायलीत कापूस धाग्याचं पीक आहे. जिनिंगमध्ये मात्र एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-चौतीस किलो, बाकी जवळपास सगळी सरकी. सरकीचं तेल निघतं; ते फरसाणाच्या कढईत आणि वनस्पती तुपात जातं. उरलेली पेंड गोठ्यात जाते आणि म्हशीचं दूध आपल्या चहात येतं.

यात घाबरण्यासारखं काही आहे का? माझ्या मते नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. पेंडीतलं प्रथिन जनावराच्या पोटात पचतं. ते दुधात उतरल्याचा पुरावा नाही. पण वांग्यासाठी सात शहरांत सुनावण्या झाल्या, सरकीसाठी एकही झाली नाही. वांगं ‘देशातलं पहिलं जनुकीय अन्न’ म्हणून अडवलं गेलं, तेव्हा आपण आठ वर्षं सरकीचं तेल खात होतो. पाकिटावर ‘जीएम’ असं छापण्याचा नियम जानेवारी २०१३ पासून लागू आहे. २०१८ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने ६५ खाद्यपदार्थ तपासले. ३२ टक्क्यांत जनुकीय बदल सापडला आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. तुम्ही किराणा दुकानात गेलात तर सरकी तेलाचा डबा हातात घेऊन बघा.

आता शेताकडे. नोव्हेंबरात बदनापूर-भोकरदन भागातल्या एखाद्या पऱ्हाटीवरचं हिरवंगार बोंड तोडायचं. बाहेरून डाग नाही, छिद्र नाही. अंगठ्याने दाबून फोडलं की पिवळट, कुजका कापूस, आणि सरकीत डोकं खुपसून बसलेली गुलाबी अळी. त्याआधी फुलात आली तर पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी दिसते. अळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. जी अळी मरावी म्हणून शेतकरी बीटीचे पैसे मोजतो, तिलाच हे जनुक आता काही करत नाही. पहिल्या जनुकाला ती जुमानत नसल्याचं गुजरातेतल्या चार जिल्ह्यांबाबत मोन्सॅन्टोने स्वतःच २०१० मध्ये कबूल केलं होतं. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ त्याआधीच, २००६ मध्ये, आलं होतं; तेही पुढच्या काही हंगामांत निष्प्रभ झालं. २०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात उभं पीक गेलं. शेतकऱ्यांनी राज्याच्या कापूस बियाणे कायद्याखालचे ‘जी’ नमुन्यातले तक्रार अर्ज भरून कृषी कार्यालयांत रांगा लावल्या.

हे टाळता येण्यासारखं होतं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटी सरकीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची. तिथे विषाला न सरावलेल्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग सरावलेल्या पतंगांशी जुळतात आणि प्रतिकारशक्ती येणं लांबतं. कोरडवाहू दोन एकरांच्या मालकाला कोणी सांगणार की, वीस टक्के रान अळीला खायला दे? पुडी बांधावर पडायची. शिवाय बऱ्याच पुड्यांतलं बियाणं वेगळ्या कालावधीचं असायचं किंवा नीट उगवायचं नाही. त्यात फरदड. डिसेंबरात पऱ्हाटी उपटण्याऐवजी पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवली की अळीला वर्षभर घर मिळतं. चीनमध्ये काही भागांत शेतकरी बीटी आणि नॉन-बीटी झाडं मिसळलेलं बियाणं पेरत आणि तिथे ही अळी बराच काळ आटोक्यात राहिली. आपण एकाच जनुकाखाली अख्खा पट्टा आणला. मंजुरीच्या अटी कागदावर होत्या, त्या पाळल्या जातात का हे बघणारा माणूस तालुक्यात नव्हता.

बीटीने काहीच दिलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीने पिकं फस्त केली होती, कितीही फवारलं तरी ती हटत नव्हती. ती फवारणी पहिल्या काही वर्षांत खरोखर कमी झाली. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना बीटी रोखत नाही, म्हणून पुढे फवारे पुन्हा वाढले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या मंडईतलं साधं वांगंही हंगामभर अळीच्या औषधात भिजून येतं. बीटी वांग्याला नको म्हणताना हे वांगं आपण बिनधोक धरतो. बांगलादेशात बीटी वांग्याने फवारणीचा खर्च घटवला, हे तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि ते नाकारण्याचं मला कारण दिसत नाही.

मग स्थगिती चुकीची का? नाही. बीटी वांग्याच्या चाचण्या कंपनीच्या खर्चाने झाल्या होत्या. उंदरांवरचा सर्वांत दीर्घ प्रयोग ९० दिवसांचा. त्या चाचण्यांचा तपशील लोकांसमोर यायला माहिती अधिकार आणि न्यायालयाचा रेटा लागला. आपला माल सुरक्षित आहे म्हणणाऱ्याने कागद लपवावेत, यासारखं हात दाखवून अवलक्षण नाही. पण स्थगितीनंतर जे स्वतंत्र अभ्यास व्हायला हवे होते, त्यांचं काय झालं? स्थगितीचा अर्थ ‘तपासू’ असा होता. आपण तो ‘विसरू’ असा घेतला. सरकारी संस्थांकडे बोट दाखवावं तर तिथेही लाजच आहे: नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेशी निगडित ‘बिकानेरी नरमा’ हे सरकारी बीटी वाण बाजारात आलं आणि त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडल्यावर मागे घ्यावं लागलं.

बंदीनेही काही अडलेलं नाही. तणनाशक सहन करणारा ‘चोर बीटी’ कापूस मंजुरीशिवाय वर्षानुवर्षं पेरला जातो. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात तो जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. त्याच वर्षी हरियाणात बेकायदा बीटी वांगं सापडलं. बिलाशिवाय घेतलेल्या पाकिटातलं बियाणं फसलं तर ‘जी’ नमुना भरायलाही जागा नसते. परवानगीच्या पिकावर देखरेख नाही आणि बंदीच्या पिकावरही नाही.

जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, पण केंद्राने सर्वांशी बोलून राष्ट्रीय धोरण आखावं, यावर दोघेही सहमत होते. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली. बाहेरचं जनुक न घातलेल्या अशा पिकांना, वांग्याला परवानगी देणाऱ्या त्या समितीच्या चाळणीतून २०२२ मध्येच सूट मिळाली आहे. म्हणजे पुढचं बियाणं आणखी कमी प्रश्न विचारून येणार.

माझं मत असं की, बीटी वांग्यावरची स्थगिती आज उठवू नये आणि आणखी पंधरा वर्षं अशीच लोंबकळतही ठेवू नये. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांना सरकारी पैशाने त्याची चाचणी करू द्यावी, निकाल मराठीत छापावेत आणि मंजुरी दिलीच तर पहिल्या अपयशाला विक्री थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस जिल्ह्यात नेमावा. याला वेळ लागेल. सरकी तेलाच्या डब्यावर ‘जीएम’ छापायला मात्र ना नवं संशोधन लागतं, ना नवा कायदा. तो नियम २०१३ पासून आहे. अन्न व औषध प्रशासनाने आणि वैधमापन विभागाने तो या दिवाळीच्या आत पाळून घ्यावा.