चित्राची साक्ष
शब्द खोटे बोलतात हे आपण जाणतो. चित्रही बोलू शकते, हे मात्र मन सहसा मानीत नाही. तांत्रिक व्याख्यानाच्या स्लाइडवर पुलाचा छेद दिसला, की तो कोणीतरी पाहून, मोजून काढला असावा, असे श्रोता गृहीत धरतो. ‘मिडजर्नी’सारखे यंत्र काहीच पाहत नाही. असंख्य चित्रे व त्यांचे मथळे यांवरून ते साम्य शिकते आणि निव्वळ ठिपक्यांचा गोंधळ पायरीपायरीने निवळीत संभाव्य आकृती घडविते. संभाव्य आणि सत्य यांतील अंतर त्याच्या गावीही नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स’च्या एका जीवशास्त्रीय नियतकालिकात यंत्राने काढलेला, अवास्तव अवयवांचा उंदीर छापला गेला, अवयवांची नावेही निरर्थक होती. परीक्षणातून पार पडलेला तो निबंध थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला. उंदीर हास्यास्पद होता, म्हणून सापडला. भय आहे ते हुबेहूब दिसणाऱ्या चुकीचे.

शोभेचे डोंगर-ढग यंत्राने खुशाल काढावेत. फाइलीच्या आवरणावर वेलबुट्टी काढल्याने आतली टिपणी बदलत नाही. परंतु आकृती हे विधान आहे. टिपणीखाली आद्याक्षरे करणारा तिच्यातील प्रत्येक आकड्याला बांधील असतो. ‘चित्र यंत्राचे’ एवढे सांगून वक्त्याने सुटावे, हे मला पटत नाही.