लागत असता तर?

आत्याला कर्करोग झाला तेव्हा घरातल्याच काही जणांनी तिचं ताट-वाटी वेगळं केलं. मी तावातावाने भांडलो. कर्करोग लागत नाही, एवढं साधं कळत नाही का तुम्हाला? माणसांच्या बाबतीत माझं म्हणणं बरोबरच होतं. शिंपल्यांची गोष्ट वेगळी आहे, हे अलीकडे वाचलं.

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर 'माया अरेनारिया' नावाची मऊ कवचाची शिंपली मिळते. आपल्या तिसऱ्यांची लांबची नातलग. तिला रक्ताच्या कर्करोगासारखा आजार होतो. तपासणी फार अवघड नसते. सुईने तिच्या अंगातला रक्तासारखा द्रव काढायचा, थेंबभर काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. निरोगी पेशी काचेला चिकटून हातपाय पसरतात. रोगी पेशी गोल गरगरीत, मोठ्या केंद्रकाच्या आणि कशालाच न धरणाऱ्या.

पण यातून रोग कळतो, तो कोणाचा हे कळत नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये बिघाड सापडला की 'गिट ब्लेम' चालवतात: ही ओळ कोणी लिहिली? मायकेल मेट्झगर, स्टीफन गॉफ आणि सहकाऱ्यांनी डीएनएला जवळपास हेच विचारलं. २०१५ साली उत्तर छापून आलं. न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड बेट इथल्या शिंपल्यांमधल्या रोगी पेशी एकमेकींशी जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या. ज्या शिंपलीत त्या सापडल्या, तिच्याशी मात्र नाही. म्हणजे कधीकाळी एका शिंपलीला कर्करोग झाला, ती मेली, आणि तिच्या पेशी बहुधा पाण्यातून शेजारणींच्या अंगात शिरत राहिल्या. पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या एका शिंपलीतला कर्करोग तर चक्क दुसऱ्या जातीचा निघाला.

माणूस आजारी पडला की आपण विचारतो, काय खायचा, काय प्यायचा, कोणाचं काय वाईट केलं होतं? या शिंपलीला काय विचारणार? ती चिखलात रुतून पाणी गाळत होती. तेच तिचं जेवण. शेजार सोडून जाणंही तिच्या हातात नाही.

मला बोचतंय ते वेगळंच. माझं सगळं भांडण 'लागत नाही' या एका वाक्यावर उभं होतं. ताट वेगळं करणाऱ्यांचा आणि माझा हिशेब एकच होता, फक्त माझी माहिती बरोबर होती. त्या रात्री आत्याने विचारलंही होतं, "आणि लागत असता, तर रे?"

मी हसलो आणि तिला औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं.