पूर्ण झालेलं बोट

मार्च २०२५च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या भाचीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र टाकलं. १९८६ साली सांगलीतल्या एका स्टुडिओत काढलेला आम्हा चौघांचा कृष्णधवल फोटो तिने त्या दिवसांत निघालेल्या कुठल्याशा फुकट ॲपला दिला होता आणि त्याचं ‘घिबली’ करून घेतलं होतं. मागचा रंगवलेला पडदा जाऊन तिथे हिरवी टेकडी आली होती. आईच्या पातळाला फिकट निळा रंग चढला होता, बाबांच्या गालांवर लाली. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. आईने फोन जवळ धरून बराच वेळ बघितलं, डोळे पुसले, मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाली, “ह्यात बोट पूर्ण आहे की रे!”

बाबा एका कारखान्यात लेथवर होते. माझ्या जन्माआधी कधीतरी त्यांच्या डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर मशीनमध्ये गेलं. मूळ फोटोत तोच हात ताईच्या खांद्यावर आहे आणि आखूड बोट स्पष्ट दिसतं. फोटोवाल्याने हात बदलायला सांगितलं होतं, बाबांनी बदलला नाही, ही आमच्या घरातली नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. ॲपने ते पेर भरून काढलं होतं. वर नीटनेटकं नखही होतं.

त्या चित्राने मला जो विचार करायला लावला तो अजून संपलेला नाही.

२५ मार्चला ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये चित्रं काढायची नवी सोय दिली. हातातल्या फोटोला हवी ती धाटणी चढवण्यात ती आधीच्या साधनांच्या बरीच पुढे होती, आणि जगभरच्या लोकांनी पहिल्या दिवसापासून तिच्याकडे मुख्यतः एकच धाटणी मागितली: घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओची. कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतःच्या एक्स खात्यावरही तसंच चित्र लावलं. दोन दिवसांत, आमच्या जीपीयू चिप वितळू लागल्यात, असं सांगून त्यांनी चित्रांच्या संख्येवर मर्यादा घातली. ३१ मार्चला त्यांनी लिहिलं, की गेल्या एका तासात दहा लाख नवे वापरकर्ते आले. २०२२मध्ये चॅटजीपीटी पहिल्यांदा आलं तेव्हा तेवढ्यांसाठी पाच दिवस लागले होते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘मायगव्ह’ने पंतप्रधानांची घिबली चित्रं टाकली. मग लाट ओसरली, आणि सप्टेंबरात गूगलच्या जेमिनीवर साडीतल्या फोटोंची लाट आली तेव्हा घिबलीची आठवणही जुनी झाली होती.

लोकांचा उथळपणा म्हणून या प्रकाराची वासलात लावणारं बरंच लिखाण तेव्हा आलं. मला ते पटलं नाही. हीच सोय वापरून माणसं स्वतःला सुपरहिरो करू शकत होती, राजाराणी करू शकत होती. त्यांनी काय केलं? लग्नातला फोटो दिला, गेलेल्या आजोबांचा दिला, बाळाचा दिला, घरातल्या कुत्र्याचा दिला. आणि मागितली ती अशा स्टुडिओची नजर, ज्याच्या चित्रपटांत भात शिजताना, बुटाची नाडी बांधताना, पावसात बसची वाट बघत उभं असताना कॅमेरा घाई करत नाही. आपल्या साध्या जगण्याकडे कुणीतरी मायेने, सावकाश बघावं, ही ती मागणी होती. ती खरी होती, म्हणूनच आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा प्रश्न मागणाऱ्यांबद्दल नाही. जे हातात पडलं त्याबद्दल आहे, आणि ज्यांनी ते विकायला ठेवलं त्यांच्याबद्दल आहे.

घिबलीचा मऊपणा कुठून येतो, हे एकदा बघायला हवं. स्टुडिओचे दिग्दर्शक हयाओ मियाझाकी १९४१चे. त्यांच्या लहानपणी आई मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती. त्यांच्या ‘माय नेबर टोटोरो’मधल्या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, कारण त्यांची आई रुग्णालयात आहे. ती बरी होईल का, ही धास्ती चित्रपटभर हिरव्या टेकडीमागे उभी आहे. मियाझाकींचे सहकारी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना, जून १९४५मध्ये, ओकायामावरच्या बॉम्बवर्षावातून पळून वाचले. युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांचा त्यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ आणि ‘टोटोरो’ १९८८ साली एकाच दिवशी, एकाच तिकिटात दाखवले गेले. ज्याला आपण ‘क्यूट’ म्हणतो त्याच्या शेजारची खुर्ची ही होती.

शिवाय ही धाटणी एकट्या मियाझाकींची नाही. ‘टोटोरो’ची झाडं, गवत, ढग काझुओ ओगा यांच्या देखरेखीखाली पोस्टर कलरने रंगवले गेले. वर्षानुवर्षं रंग ठरवले मिचियो यासुदा यांनी. त्या २०१६मध्ये गेल्या. एका चित्रात कोणता निळा शोभेल हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आईच्या पातळाला मिळालेला फिकट निळा बघताना मला त्यांचीच आठवण झाली.

‘द विंड रायझेस’ या २०१३च्या चित्रपटात गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य आहे. रस्त्यावर माणसं लोटली आहेत, कुणी सामान ओढतंय, कुणी वाट काढतंय. एइजी यामामोरी या ॲनिमेटरला त्या चार सेकंदांसाठी एक वर्ष आणि तीन महिने लागले. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम, म्हणजे हिशेब शंभराच्याही आत. पण त्या गर्दीतल्या प्रत्येकाला कुठेतरी जायचं आहे, आणि ते कुठे हे यामामोरींना ठाऊक असावं लागलं. मी ते दृश्य पाचसहा वेळा पाहिलं. दर वेळी वेगळा माणूस दिसतो.

मार्चच्या त्या लाटेत मियाझाकींची एक जुनी चित्रफीतही पुन्हा फिरली. तिच्याबद्दल एक गैरसमज आहे, तो दूर करायला हवा, कारण खरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ती फीत जपानच्या एनएचके वाहिनीच्या २०१६मधल्या माहितीपटातली. त्यात ते फोटोवरून चित्र करणाऱ्या यंत्राबद्दल बोलत नाहीत, ते तेव्हा नव्हतंच. काही तंत्रज्ञ त्यांना संगणकाने स्वतः शिकून केलेली हालचाल दाखवतात. एक विद्रूप देह डोक्याचा पायासारखा वापर करत जमिनीवरून सरपटतो. याला वेदना कळत नाही म्हणून हे असं चालू शकतं, भुतांच्या खेळात वापरता येईल, असं तंत्रज्ञ सांगतात. मियाझाकी थोडा वेळ गप्प राहतात. मग आपल्या एका मित्राबद्दल बोलू लागतात. तो अपंग आहे. टाळी द्यायला हात उचलणंही त्याला कठीण जातं. त्याचा ताठरलेला हात आठवला की मला हे बघवत नाही, असं ते म्हणतात, आणि हा जगण्याचा अपमान आहे असं सांगून थांबतात.

यंत्राने चित्र काढावं की नाही, हा वादच त्या खोलीत नव्हता. एका माणसाला समोरची हालचाल बघून ओळखीचा एक हात आठवला आणि समोरच्यांना तो आठवला नाही, एवढंच तिथे घडलं. आमच्या घरात बोट भरून निघालं तेव्हा मला ती खोली आठवली. ॲपला बाबांचा अपमान करायचा नव्हता. लाखो हात बघून हात सरासरी कसा असतो हे त्याने ठरवलं होतं आणि बाबांचा हात त्या सरासरीत बसवला. पण स्टुडिओत हात बदलायला नकार देऊन बाबांनी जे म्हटलं होतं, ते पुसलं गेलं.

नजरेपासून धाटणी सुटी केली की ती कशावरही चढवता येते, याचा पुरावाही त्याच आठवड्यात मिळाला. अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या अधिकृत खात्यावर, देशातून बाहेर काढण्यासाठी अटक केलेल्या एका बाईचं चित्र आलं. हातात बेड्या, रडणारा चेहरा, आणि धाटणी तीच, मायेची. त्या बाईचे गुन्हे काय होते हा वेगळा मुद्दा. सरकारला एका रडणाऱ्या माणसाची चेष्टा करायची होती आणि त्यासाठी घिबलीचे डोळे उपयोगी पडले.

नकलेबद्दल मला तक्रार नाही. आपलं अख्खं ख्यालगायन नकलेवर उभं आहे. शिष्य आधी गुरूचा आवाज उचलतो, लकबी उचलतो, कधी खोकलासुद्धा. आणि यंत्राबद्दलही नाही. भीमसेन जोशी लहान असताना अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांच्या कानावर पडली ती रेकॉर्डवरून. ग्रामोफोन हे त्या काळचं नवं यंत्रच होतं, तेही गायकापासून गाणं सुटं करत होतं. पण त्या सुट्या गाण्याने एक मुलगा घर सोडून निघाला, हिंडत हिंडत गुरू शोधू लागला, आणि शेवटी खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी कुंदगोळला पाणी भरत, मेहनत करत शिकला. गुरू गेल्यावर १९५३पासून पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू केला. उस्तादाचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात. त्या एका हालचालीत नकलेचा सगळा हिशेब असतो: हे माझं नाही, मी घेतलंय, कुणाकडून ते मला ठाऊक आहे.

शैलीवर कुणाची कायदेशीर मालकी नसावी, असंच मला वाटतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं, की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. हे योग्यच आहे, नाहीतर कुणालाच काही लिहिता येणार नाही. जपानने तर २०१८च्या दुरुस्तीने विश्लेषणासाठी कलाकृती वापरायला बरीच मोकळीक दिली. पण कायद्याने गुन्हा नाही म्हणजे देणं नाही, असं कधीपासून ठरलं? ओपनएआयने तेव्हा सांगितलेलं धोरण असं, की हयात असलेल्या एकेकट्या कलाकाराची शैली मागितली तर नाकारू, स्टुडिओची व्यापक शैली मात्र चालेल. म्हणजे मियाझाकी एकटे असते तर दार बंद होतं. त्यांनी ओगा, यासुदा, यामामोरी आणि इतर शेकडो जणांबरोबर मिळून काम केलं, म्हणून ते उघडं. सामूहिक कष्टाला एकट्याच्या कष्टापेक्षा कमी संरक्षण देणारा हा न्याय मला समजत नाही. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस जपानी प्रकाशक आणि स्टुडिओंच्या ‘कोडा’ या संघटनेने, जिच्या सभासदांत घिबलीही आहे, ओपनएआयकडे मागणी केली की आमच्या सभासदांच्या कलाकृती परवानगीशिवाय प्रशिक्षणाला वापरू नका. विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा वाटू नये. वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, त्यात पालघट देवी बसायची, आणि ते चित्र त्या लग्नापुरतं असायचं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ही चित्रं कागदावर आली. डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगभर गेली. मग कपांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर टोकाला टोक जोडलेले त्रिकोण नाचू लागले. २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने नाव राखलं जातं, रेघ नाही. आज यंत्राला सांगितलं तर तारपा नृत्य चार सेकंदांत मिळतं. चौकातली देवी मात्र त्या चार सेकंदांत कुठून येणार? मशे यांच्या पाड्यावरच्या तरुण चित्रकाराला त्या चित्रातून काय मिळणार, हे आत्ताच विचारायला हवं. नंतर विचारून उपयोग नाही. कंपन्यांनी काय वापरलं ते उघड करावं, परवानगी घ्यावी, मोबदला द्यावा, आणि ज्यांच्या नजरेवर धंदा चालला आहे त्यांची नावं घ्यावीत. यातलं काहीही तंत्राला अशक्य नाही.

भाचीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने आजीला आनंद द्यायला चित्र केलं होतं आणि तो दिलाही. बोटाचं कळल्यावर तिने तीनदा ॲपला समजावलं. पहिल्यांदा बोट तसंच राहिलं, दुसऱ्यांदा हातच खिशात गेला, तिसऱ्यांदा तर्जनी मुळापासून नाहीशी झाली. मे महिन्याच्या सुट्टीत ती आली तेव्हा वही आणि पेन्सिल घेऊन आजीच्या शेजारी बसली. तिला चित्रकला येत नाही. मूळ फोटो समोर होता, पण त्यात बोटाच्या टोकाचा आकार नीट कळत नव्हता, म्हणून ती विचारत होती आणि आई स्वतःच्या तर्जनीवर खूण करून दाखवत होती.

“असं सरळ नव्हतं गं,” आई म्हणाली. “इथून जरा तिरकं. आणि थंडीत तेवढंच निळं पडायचं.”

भाचीने खोडलं, आणि पुन्हा काढायला घेतलं.